मुखपृष्ठाचे पैसे चुकते केले, तरी चित्रकाराचा हक्क उरतो का?

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि सोबत जोडलेली नोटीस वाचली. दोन्ही आवृत्त्यांची मुखपृष्ठे शेजारी ठेवून बारकाईने पाहिली. इतर वाचकांसाठी हकिगत थोडक्यात सांगतो. आपण अमळनेर तालुक्यातील निवृत्त शिक्षक. अहिराणी म्हणींचे संकलन आपण पदरमोड करून जानेवारी २०२४ मध्ये छापले आणि पुढच्याच महिन्यात अमळनेरला भरलेल्या ९७ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात त्याच्या बऱ्याच प्रती हातोहात गेल्या. मुखपृष्ठावरचे कानबाई या खानदेशी देवीच्या मिरवणुकीचे जलरंगातले चित्र मूळच्या शिरपूरच्या आणि आता पुण्यात राहणाऱ्या एका तरुण चित्रकाराने काढले; शीर्षकाची अक्षरेही त्यानेच हाताने लिहिली. त्याला सात हजार रुपये यूपीआयने मिळाले. करारपत्र नाही, सगळे बोलणे व्हॉट्सअॅपवर झाले. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी छापखान्यातल्या डीटीपीवाल्याने चित्र वरून कापले, हळदी पार्श्वभूमी निळी केली, खालच्या कोपऱ्यातल्या सहीवर किमतीची पट्टी टाकली आणि श्रेयपानावरचे चित्रकाराचे नावही राहून गेले. त्याच मुखपृष्ठाच्या दीडशे कापडी पिशव्या आपण छापून घेतल्या. आता विक्री थांबवा, शिल्लक ४३० प्रती नष्ट करा, दोन लाख रुपये द्या, नाहीतर फौजदारी करू, अशी चित्रकाराची पंधरा दिवसांची नोटीस आली आहे. आपण विचारता, ‘पैसे मी मोजले, मग चित्र माझे नाही का?’

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने आपले मुखपृष्ठ ही एक वस्तू नसून त्यात दोन वेगवेगळ्या कलाकृती आहेत. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा निर्माताच असतो. परंतु त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, असे म्हटले आहे की, कोणी मोबदला देऊन छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा कोरीवचित्र करवून घेतले आणि उलट काही ठरलेले नसेल, तर करवून घेणारा हाच प्रताधिकाराचा पहिला मालक ठरतो. जलरंगातले चित्र रंगचित्रात सरळ बसते, म्हणून चित्रापुरती आपली बाजू भक्कम आहे, असे माझे मत आहे. शीर्षकाच्या अक्षरलेखनाचे आणि मांडणीचे तसे नाही. ‘कलाकृती’च्या व्याख्येत रंगचित्र आणि रेखाचित्र हे शब्द वेगवेगळे आले आहेत, तर परंतुकात रेखाचित्राचा उल्लेख नाही, त्यामुळे अक्षरे आणि मांडणी ही चित्रकाराचीच राहिली, असा युक्तिवाद समोरचे वकील करतील आणि तो टिकण्याजोगा आहे. चित्रकार आपल्या पगारावर नव्हता, म्हणून नोकरीत केलेल्या कामाचा नियमही इथे लागू होत नाही.

अक्षरलेखनाचा हक्क आपल्याकडे यायचा, तर कलम १९ प्रमाणे चित्रकाराच्या सहीचे हस्तांतरपत्र हवे होते, आणि त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी दिले, हे लिहिलेले हवे होते. व्हॉट्सअॅपवरच्या संभाषणाला मी असे हस्तांतरपत्र मानणार नाही. पण वापराची परवानगी त्यातून नक्की सिद्ध होते. ‘पुस्तकासाठी कव्हर पाहिजे’ असे आपण लिहिले होते आणि त्याने ‘करतो सर’ म्हणून होकार दिला होता. त्यात पहिल्या आवृत्तीची मर्यादा कुठेही नाही. दुसऱ्या आवृत्तीला तीच अक्षरे वापरली, याचा बचाव त्या दोन ओळींवर होऊ शकतो. पिशव्यांचा मात्र होऊ शकत नाही. पिशवी म्हणजे पुस्तक नव्हे, आणि तिच्यावर त्याने लिहिलेली अक्षरे आहेत. पिशव्यांची विक्री आजच थांबवा.

आता ज्या मुद्द्याला आपण पत्रात एकच ओळ दिली आहे आणि जो मला सर्वांत गंभीर वाटतो, त्याकडे येतो. कलम ५७ निर्मात्याला दोन विशेष हक्क देते : आपले नाव सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कलाकृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. हे हक्क प्रताधिकारापासून स्वतंत्र आहेत आणि प्रताधिकार विकल्यानंतरही निर्मात्याकडेच राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांना पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आदेश दिला. पैसे सरकारने मोजले होते, हे त्या ठिकाणी उत्तर ठरले नाही.

आपल्या दुसऱ्या आवृत्तीवर काय झाले आहे ते पाहा. मूळ चित्रात पुढच्या बाईच्या डोक्यावर पाट आहे आणि पाटावर कानबाई आहे. वरून बोटभर कापल्यामुळे पाटही गेला आणि कानबाईही गेली. उरल्या त्या हात वर करून चाललेल्या बाया. श्रावणातल्या सोमवारी आपल्याकडच्या गल्लीतून निघणारी ती मिरवणूक ज्याने पाहिली आहे, त्याला या चित्रात काय हरवले ते सांगावे लागणार नाही. ज्याच्या चित्रातून देवीच कापली गेली आणि ज्याची सही किमतीच्या पट्टीखाली गेली, त्या चित्रकाराला राग आला असेल तर तो रास्त आहे, असे मी आपला हितचिंतक म्हणून स्पष्टपणे सांगतो. हे आपल्या हातून घडलेले नाही, डीटीपी करणाऱ्याने केले, हे खरे. परंतु प्रकाशक म्हणून नाव आपले आहे आणि प्रूफ आपण पाहून दिले आहे.

फौजदारीच्या धमकीविषयी. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे, म्हणून ही धमकी हसण्यावारी नेऊ नये. मात्र त्यासाठी उल्लंघन जाणूनबुजून केलेले असावे लागते. आजवर आपल्याला जाणीव नव्हती, असे म्हणता येते. नोटीस हाती पडल्यानंतर तसे म्हणता येणार नाही. म्हणूनच आहे तशा प्रती आता एकही बाहेर जाऊ देऊ नका.

काही हितचिंतकांनी आपल्याला उलट दावा लावण्याचा सल्ला दिला आहे. निराधार धमक्यांविरुद्ध कलम ६० खाली दावा करता येतो, हे खरे. परंतु ही नोटीस सर्वस्वी निराधार नाही, शिवाय कलम ६२ मुळे चित्रकार स्वतः राहतो तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. सात हजारांच्या मुखपृष्ठासाठी अमळनेरहून तारखांना पुण्याला जाणे आपल्या वयाला आणि खिशाला परवडणारे नाही.

प्रती नष्ट करण्याची मागणी मात्र मान्य करू नका. ४३० प्रतींना मूळ, अखंड चित्राचे जॅकेट घालून घ्या आणि श्रेयपानावर ‘मुखपृष्ठचित्र व अक्षरलेखन’ असे लिहून त्याच्या नावाची पट्टी चिकटवा. ई-बुकमध्येही तीच दुरुस्ती करा. नोटिशीला मुदतीच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. त्यात चित्राच्या प्रताधिकारावरचा आपला दावा सोडू नका, पण नाव राहून गेल्याबद्दल आणि चित्र कापले गेल्याबद्दल साध्या शब्दांत दिलगिरी व्यक्त करा, आणि पिशव्यांच्या विक्रीतून आलेल्या रकमेतला वाटा देऊ करा. उत्तर जाण्याआधी त्याला स्वतः फोन करावा, असे मला वाटते. आपल्या अहिराणीवर जीव असलेला पोरगा आहे. वकिलांच्या भाषेपेक्षा गुरुजींचा आवाज त्याला लवकर पोचेल. मात्र फोनवर रकमेचा आकडा कबूल करू नका.

समेट झाला की त्याच बैठकीत दोन पानांचा करार करून घ्या. पुढच्या सर्व आवृत्त्या, ई-बुक, जाहिरात आणि इतर वस्तू यांचा त्यात वेगवेगळा उल्लेख हवा. मुदत आणि प्रदेश न लिहिल्यास कायदा हस्तांतर पाच वर्षांचे आणि भारतापुरते धरतो, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो निघून जातो, म्हणून या तिन्ही बाबी स्पष्ट लिहा. आकारात किंवा रंगात बदल करण्यापूर्वी त्याला दाखवायचे, हे कलम आपण होऊन घाला. आपण मागत असलेली, कोरल या सॉफ्टवेअरमधली, बदल करता येणारी खुली फाइल आजच्या घडीला आपण हक्काने मागू शकत नाही, कारण ठरले होते ते छपाईयोग्य पीडीएफचे; ती हवी असल्यास याच करारात मोबदल्यासह लिहून घ्या.

एक शेवटची गोष्ट. मुलगा नवीन फोन घेऊन देणार आहे, असे आपण लिहिले आहे. तो घ्या, पण जुना फोन विकू नका आणि त्यातले संभाषण पुसू नका. वाद न्यायालयात गेलाच, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडून तेच संदेश दाखल करावे लागतील, आणि ‘पुस्तकासाठी’ हा आपला शब्द त्याच फोनमध्ये आहे.