पाटाकडील–शिवाजी सामन्याआधी कोल्हापूरच्या कट्ट्यांवर एवढे कसले डावपेच शिजतात?

तुम्ही नोकरीसाठी नव्यानंच कोल्हापुरात आलाय. ऑफिसातली पोरं आठवडाभर 'मधली फळी, मधली फळी' करताहेत आणि आता तुम्हालाही या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियमवर ओढून नेणार आहेत. तिथं नेमकं बघायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी शिवाजी पेठेतला. त्यामुळं उत्तर जरा आमच्याकडं झुकलेलं असणार, एवढं धरून चला.

आधी एक गोष्ट. इथले संघ तालमींचे आहेत. जिथं कुस्ती घुमली त्याच तालमींची नावं फुटबॉलच्या संघांना आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. संघ पेठेचा असतो, कुठल्या कंपनीचा नाही. पाटाकडील मंगळवार पेठेतला, शिवाजी तरुण मंडळ आमचं, आणि दोन्ही पेठा चालत जायच्या अंतरावर. हरलेल्या संघाचा माणूस दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेला तरी कोणीतरी भेटतोच, "काय, काल जरा लवकर घरी गेलासा?" म्हणून. म्हणून आठवडाभर आधीपासून झोप उडते.

कट्ट्यावर संघ मांडला जातो तो गाड्यांच्या किल्ल्यांनी. चार मागं, चार मध्ये, दोन पुढं. मग कोणीतरी पुढची एक किल्ली मागं सरकवतो आणि भांडण पेटतं. "एकच फॉरवर्ड? पेठेची इज्जत काढतोस काय?" दुसरा म्हणतो, "आण्णा, इज्जत पुढं दोन ठेवून नाही वाचत, मध्ये तीन ठेवून वाचते." एवढ्यात सेंटर हाफ आपली किल्ली उचलून घरी जातो, कारण त्याच्या घरून फोन आलेला असतो. मग उरलेल्या नऊ किल्ल्यांवर चर्चा.

चेष्टा सोडा, पण वाद खरा हाच आहे. पाटाकडीलचा संघ बहुतेक हंगामांत कागदावर भारी असतो, हे आमच्या पेठेतही खासगीत मान्य करतात. भारी संघासमोर ४-४-२ लावलं तर मध्ये तुमचे दोन आणि त्यांचे तीन अशी गाठ पडते. बॉल त्यांच्यातच फिरत राहतो, तुमचे दोघं नुसते पळत राहतात आणि उत्तरार्धात या दोघांचे पाय उचलत नाहीत. ४-५-१ लावलं तर मध्ये हिशोब बरोबर होतो, पण पुढं एकटा पोरगा दोन बचावपटूंमध्ये अडकतो. आणि त्याच्यापर्यंत बॉल जाईना झाला की प्रेक्षकच ओरडायला लागतात, "पुढं या की रं!"

मी ४-५-१ च्या बाजूचा, आणि त्याचं कारण मैदानात आहे. उन्हाळा लागला की मैदान कडक होतं. बॉल टप्पा पडून गुडघ्याच्या वर उसळतो. शॉर्ट पासची सुंदर साखळी सरावात ठीक, पण अशा मैदानावर आणि एवढ्या आरडाओरड्यात तिसऱ्या पासला कोणाचा तरी ताबा सुटतोच. मग दोन्ही संघ उंच बॉलवर येतात. गोलकीपर लांब किक मारतो, मध्यावर दोघं हेडसाठी उडी मारतात आणि बॉल कुठंतरी खाली पडतो. सामना त्या पडलेल्या बॉलवर ठरतो. हेड कोणी जिंकलं याला टाळ्या मिळतात, पण खाली आलेला बॉल कोणाच्या पायात गेला हे बघा. तिथं तिसरा माणूस हवा. काही हंगामांत संघांनी नायजेरियन खेळाडू आणले, तेव्हाही चर्चा त्यांच्या उंचीची व्हायची. अरे, त्यानं हेड मारल्यावर खाली आपला कोण उभा आहे ते सांगा ना आधी!

त्यामुळं तुम्ही पहिल्यांदा जाताय तर एक करा. कीपरनं किक मारली की वर बघू नका. बॉल जिथं उतरणार तिथल्या पाच-सहा जणांकडं बघा. दहा मिनिटांत कळेल की कोणाची मधली फळी भारी पडतेय. शेजारचा अजून फॉरवर्डला शिव्या देत असेल, तेव्हा तुम्हाला दुखणं कुठं आहे ते दिसलेलं असेल.

आमच्या सामन्यात आणखी एक भानगड असते. पोरं हंगाम बदलला की संघही बदलतात. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या तालमीत गेला याच्या बातम्या पेपरात येतात. म्हणजे गेल्या वर्षी त्यांच्याकडं खेळलेला एखादा आमच्याकडं असतो आणि आमचा एखादा तिकडं. त्याच्याकडून माहिती काढतात: त्यांचा डावा बॅक दमला की वर गेलेला परत येत नाही, कीपर कॉर्नरला बाहेर यायला कचरतो. पण अशा पोराला मी पहिल्या मिनिटापासून उतरवणार नाही. जुन्या संघाचे समर्थक त्याला सामनाभर डिवचतात, त्याचं डोकं तापतं आणि तो पिवळं कार्ड घेऊन बसतो. दुसरं मिळालं की दहा जणांनिशी खेळा. या सामन्यात हुल्लडबाजी होते, पोलिस बंदोबस्त लागतो, हे तुमच्या कानावर आलंच असेल. ते तापलेलं वातावरण मैदानात उतरतंच.

थ्रो-इनकडं कट्टा फारसं लक्ष देत नाही. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. गोलक्षेत्राच्या जवळ लांब फेकणारा पोरगा तुमच्याकडं असेल तर दुबळ्या संघाला तो फुकटचा कॉर्नर आहे. आपला माणूस बचाव फळीच्या मागं बिनधास्त उभा राहू शकतो. तरी बहुतेक वेळा थ्रो शेजारच्याला टाकून मोकळे होतात. माझा जीव तुटतो.

आणि सामना लीगचा आहे की नॉकआउटचा ते आधी विचारून घ्या. लीगमध्ये भारी संघाशी बरोबरी म्हणजे हातात एक गुण, तो घेऊन गप घरी यावं. नॉकआउटमध्ये बरोबरी झाली की टायब्रेकर, म्हणजे दोन्हीकडच्या पाच-पाच जणांच्या पेनल्टी किक, आणि तिथं कट्ट्याचा आवडता वाद पुन्हा सुरू होतो: हुकमी पोरगा पहिला की पाचवा? जुनी माणसं म्हणतात पाचवा, दडपण त्यालाच पेलतं. पण पहिल्या तिघांतले दोघं चुकले की पाचव्याची पाळी बऱ्याचदा येतच नाही, तो मध्यरेषेवर हात कमरेवर ठेवून उभा राहतो. मी त्याला पहिला पाठवीन. दुसरा डावखुरा, कारण कीपरला लगेच दुसऱ्या पायाचा अंदाज बांधावा लागतो. आणि ज्यानं सामन्यात एखादी सोपी संधी घालवलीय, त्याला पाचांत घेणारच नाही, मग तो कॅप्टन का असेना.