ग्रामीण बेटावर कोणत्या कंपनीची रेंज चांगली, हे जाण्याआधी कसं ताडून बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान बेट, विखुरलेली वस्ती, तीन कंपन्या. तिघींच्याही नकाशात अख्खं बेट रंगवलेलं आहे आणि तिथे राहायला जाण्याआधी तुम्हाला ठरवायचंय की सिम कोणाचं घ्यावं. मी बरीच वर्षं नेटवर्कच्या मोजणीचं काम केलंय. कधी गाडीत, कधी लाँचवर, मांडीवर लॅपटॉप आणि त्याला लटकलेले चार फोन, असं ते काम असतं. त्या जोरावर सांगतो: बेटावर कंपनीचं नाव दुय्यम असतं. तुमच्या घराला रेंज देणारा टॉवर नेमका कुठे उभा आहे आणि तो टॉवर पुढे जगाशी कशाने जोडलाय, या दोन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं.

आधी नकाशांबद्दल. तो रंग कोणी बेटावर फिरून भरलेला नसतो, गणिताने भरलेला असतो. टॉवरची उंची, अँटेनाची दिशा, जमिनीचे चढउतार हे सगळं सॉफ्टवेअरला देतात आणि ते चौकट-चौकट रंगवत जातं. या गणिताच्या एका प्रसिद्ध घराण्याचं मूळ जपानी अभियंते ओकुमुरा यांनी टोकियोच्या परिसरात घेतलेल्या मोजमापांत आहे. ती 1968 मध्ये प्रसिद्ध झाली आणि हाता नावाच्या अभियंत्यांनी 1980 मध्ये त्यांना सूत्रांचं रूप दिलं. कंपन्या आपापल्या भागात मोजण्या घेऊन ही सूत्रं जुळवून घेतात. पण मोजणीची गाडी रस्त्याने जाते. बेटाच्या ज्या टोकाला रस्ताच नाही, तिथलं जुळवणार कोण? शिवाय नकाशा बहुतेक वेळा उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा असतो. जाड दगडी भिंतीच्या आत बसलेल्याचा नसतो. लोकांच्या फोनवरून माहिती गोळा करणारी अॅप्स जास्त प्रामाणिक असतात, पण त्यांचे ठिपके धक्का, मुख्य रस्ता आणि बाजार एवढ्यातच दाटलेले दिसतील. कोरी जागा म्हणजे रेंज नाही असं नव्हे, तिथे अॅपवालं कोणी गेलेलंच नसेल.

आता टॉवर. लहान बेटावर बरेचदा एखाद्या कंपनीचा स्वतःचा टॉवरच नसतो. पाण्यापलीकडच्या किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज इकडे सांडते आणि तेवढ्यावर बेट नकाशात रंगतं. ती रेंज कुठवर येईल याचा सोपा हिशेब आहे: टॉवरची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 4.1 ने गुणा. तितक्या किलोमीटरवर त्याचं क्षितिज. 30 मीटरचा टॉवर असेल तर साधारण 22-23 किलोमीटर. तुमचा फोन जमिनीपासून दीड मीटरवर असतो, त्याचे आणखी पाच. म्हणजे सपाट समुद्रावर 27-28 किलोमीटर झाले की पृथ्वीची गोलाईच मध्ये येते. तोच टॉवर 100 मीटरच्या टेकडीवर असेल तर एकट्या टॉवरचा पल्ला 47 किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणून समोरच्या किनाऱ्यावर डोंगर कोणत्या कंपनीने धरलाय, हे बघण्यासारखं असतं.

एक गंमत अशी की 2जी मध्ये टॉवर दिसत असूनही कॉल लागत नाही असं होऊ शकतं. 2जी फोनचा आवाज ठरलेल्या इवल्याशा वेळखिडकीत टॉवरला पोचावा लागतो आणि नेहमीच्या रचनेत ती खिडकी 35 किलोमीटरपर्यंतच पुरते. त्यापुढे सिग्नल कितीही खणखणीत असो, फोन वेळेवर पोचत नाही. 4जी मध्ये ही मर्यादा योग्य सेटिंग केल्यास 100 किलोमीटरपर्यंत नेता येते, पण कंपनीने तसं सेटिंग केलेलं असेलच असं नाही.

पाण्यावरून येणाऱ्या रेंजची आणखी एक खोड म्हणजे ती दिवसभरात बदलते. सिग्नल थेटही येतो आणि समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊनही येतो. दोन्ही एकमेकांना कधी साथ देतात, कधी खोडून टाकतात. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलली की हे गणितही बदलतं. एका किनाऱ्यावरच्या घरात माडीच्या खिडकीपाशी फोन ठेवून मी हे बघत बसलो होतो. टॉवर तोच, फोन तोच, हवा स्वच्छ, आणि पाणी चढत गेलं तसा सिग्नलचा आकडा हळूहळू घसरत गेला. घरमालक म्हणाले, "दुपारी फोन लागत नाही हे आम्हाला माहीत आहे, कारण माहीत नव्हतं." दुपारचा त्यात काही संबंध नव्हता, भरतीची वेळ रोज पुढे सरकते. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला मोजा, शक्यतो उधाणाच्या दिवसांत. फरक स्पष्ट दिसतो.

उलट प्रकारही असतो. शांत, उबदार हवेत समुद्रावर थंड दमट थर आणि त्यावर गरम कोरडा थर बसला की रेडिओ लहरी त्या थरात अडकून क्षितिजापलीकडे फार लांबवर जातात. अशा संध्याकाळी फोनला भलताच दूरचा टॉवर सापडतो. सामुद्रधुनी अरुंद असेल आणि पलीकडे दुसरा देश असेल तर फोन त्या देशाच्या नेटवर्कवर जाऊन बसतो आणि रोमिंगचं बिल येतं. हा त्रास ऐकला असेल तर नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक'वरून काढून हाताने ठरवून ठेवा.

आता मोजायचं कसं. फोनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवर अजिबात जाऊ नका. किती सिग्नलला किती दांड्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. एका फोनवरच्या तीन दांड्या दुसऱ्यावर एक असू शकते. आकडा बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या सिमच्या माहितीत तो सापडतो, आयफोनवर *3001#12345# डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो. 4जी साठी आरएसआरपी नावाचा आकडा, म्हणजे टॉवरकडून पोचणाऱ्या सिग्नलची ताकद, डीबीएम या मापात दिसेल, तो उणेच असतो. उणे 80-85 म्हणजे उत्तम, उणे 100 पर्यंत काम व्यवस्थित चालतं, उणे 110 च्या खाली गेलं की कॉल तुटू लागतात आणि उणे 120 ला फक्त समाधान. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी, हे लक्षात ठेवा. नाहीतर उणे 95 आणि उणे 105 जवळजवळ सारखेच वाटतात. एका कंपनीचा 4जी चा आकडा दुसरीच्या 2जी च्या आकड्याशी ताडू नका, दोन्हींची मोजायची पद्धतच वेगळी आहे. एकच फोन घ्या, सिम बदलून त्याच जागी मोजा. फोन दोन सिमांचा असेल तर फारच बरं.

आणि मोजा ते घराच्या आत, जिथे तुम्ही खरंच बसणार आणि झोपणार तिथे. याचं कारण बँडमध्ये, म्हणजे कंपनी वापरते त्या लहरींच्या पट्ट्यात आहे. 700, 800, 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. 1800, 2100, 2300 च्या तितक्या शिरत नाहीत आणि 3500 च्या आसपासचा 5जी तर दाराशीच थांबतो. अंगणात उणे 98 दाखवणारी 2300 वाली कंपनी आत गायब होते आणि अंगणात उणे 105 दाखवणारी 800 वाली आत तग धरते, हे मी अनेकदा पाहिलंय. फोन कोणत्या बँडवर आहे हेही आयफोनच्या त्या चाचणीच्या पडद्यावर दिसतं: 4जी मध्ये बँड 28, 20, 8, 5 हे खालचे, 3, 1, 40 हे वरचे. तुमचा फोन तिथला खालचा बँड पकडू शकतो का, हे आधीच तपासा. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये नेमका तोच नसतो.

रेंज आहे पण कॉल जात नाही, ही बेटांवरची नेहमीची तक्रार. टॉवर दहा-वीस किंवा त्याहून जास्त वॅटने ओरडतो, तुमचा फोन 0.2 वॅटने कुजबुजतो. तुम्हाला त्याचं ऐकू येतं, त्याला तुमचं नाही. त्यामुळे आकडा बघून थांबू नका. प्रत्यक्ष कॉल लावा, पाच मिनिटं बोला, एखादा मोठा फोटो पाठवून बघा. फोटो पाठवणं ही चढत्या दिशेची, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलची चांगली परीक्षा आहे. आणखी एक: जिथे 2जी आणि 3जी दोन्ही बंद झालंय तिथे आवाजाचा कॉल 4जी वरूनच जातो. तुमच्या फोनवर त्या कंपनीचं व्होएलटीई (4जी वरून आवाजाचा कॉल करायची सोय) चालत नसेल तर इंटरनेट सुसाट आणि कॉल मात्र मुका, अशी अवस्था होते.

इथपर्यंत हवेतली गोष्ट झाली. बेटाचा टॉवर पुढे कशाने जोडलाय ते नकाशात कधीच नसतं, आणि बेटावर खरा फरक तिथेच पडतो. ते टॉवरकडे बघून बरंचसं कळतं. समुद्राच्या दिशेला तोंड करून गोल डिश लावलेली असेल तर मायक्रोवेव्ह, म्हणजे पलीकडच्या डिशशी रेडिओ लहरींनी जोडणी. एकाच दिशेला दोन डिश, एक वर आणि एक खाली, असतील तर समजा की कोणीतरी विचार करून काम केलंय: पाण्यावरच्या परावर्तनाने वरच्या डिशचा सिग्नल बुडाला तर खालची सांभाळते. डिश आकाशाकडे असेल तर उपग्रह. भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा) उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो, त्यामुळे बोलण्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त विलंब येतो आणि अख्खं गाव एका बारीक लाइनवर असतं. फक्त फायबरची केबल असेल तर वेग छान, पण तुटलं की तुटलं. जानेवारी 2022 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगाची समुद्राखालची केबल तुटली, आंतरराष्ट्रीय जोडणी पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. फेब्रुवारी 2023 मध्ये तैवानच्या मात्सु बेटांच्या दोन्ही केबल काही दिवसांच्या अंतराने तुटल्या, तेव्हा मायक्रोवेव्हच्या तुटपुंज्या जोडणीवर भागवावं लागलं. दांड्या अशा वेळी पूर्ण दिसतात बरं का. फोन टॉवरशी बोलतोय, टॉवर कोणाशी बोलू शकत नाहीये.

विजेचंही विचारून घ्या. टॉवरच्या बॅटऱ्या साधारणपणे काही तास टिकतात. त्यापुढे जनरेटर लागतो आणि त्याचं डिझेल बोटीनेच यायचं असतं. वादळात वीज जाते तेव्हाच बोटही बंद असते. स्थानिकांना "कोणाचं नेटवर्क चांगलं" असं विचारलंत तर जो तो आपल्या सिमची बाजू घेईल. "मागच्या वादळात कोणाचं शेवटपर्यंत चाललं" असं विचारा. मच्छीमार आणि लाँचवाले यात सर्वात खात्रीचे, कारण कुठे रेंज जाते आणि कुठे परत येते हे त्यांना पाण्यावर बोट ठेवून सांगता येतं. गर्दीच्या मोसमात काय होतं तेही विचारा. पर्यटक उतरले की आकडा तोच राहतो आणि वेग शून्यावर येतो.

दुसरं सिम ठेवणार असाल तर ते खरंच दुसरं आहे ना, हे बघा. काही ब्रँड दुसऱ्याचंच नेटवर्क भाड्याने वापरतात. शिवाय वेगळ्या कंपन्यांच्या अँटेना बरेचदा एकाच मनोऱ्यावर, एकाच बॅटरीवर टांगलेल्या असतात. एक सिम बेटावरच्या टॉवरचं आणि दुसरं पैलतीरावरच्या टॉवरचं, भले त्याची रेंज फक्त माडीवर येत असेना, ही जोडी मी एकाच मनोऱ्यावरच्या दोन उत्तम सिमांपेक्षा वर ठेवीन. आणीबाणीच्या कॉलचं वेगळं आहे: बहुतेक देशांत 112 सारखा क्रमांक जे नेटवर्क सापडेल त्यावरून लागतो, तुमच्या सिमचं असो वा नसो.

घरात तारेचं किंवा उपग्रहाचं इंटरनेट येणार असेल तर वायफाय कॉलिंग (घरच्या वायफायवरून फोन लावायची सोय) देणारी कंपनी निवडा आणि रेंजची चिंता बरीच सोडून द्या. तसं नसेल आणि घर टेकडीच्या आडोशाला असेल, तर छतावर टॉवरच्या दिशेने रोखलेला अँटेना आणि त्याला जोडलेला 4जी राउटर चांगलं काम करतो. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र परवानगीशिवाय लावू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहेत आणि चुकीचा बसला तर तुमच्यासकट शेजाऱ्यांचीही रेंज घालवतो. घराचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि बेटाची टेकडी कुठे येते ते इथे लिहिलंत, तर राउटर कुठल्या बाजूला लावावा ते सांगू शकेन.