काळ्या जमिनीतला पहिला टोमॅटो : इंदूर परिसरातील प्रश्नांना उत्तर

गेल्या पंधरवड्यात टोमॅटोविषयी तीन पत्रे आली. तिन्ही पत्रे पहिल्यांदाच भाजीपाल्याकडे वळणाऱ्या घरांतून आली आहेत. सांवेर तहसिलीतील एका गृहस्थांची पाच एकर जमीन वडिलांच्या काळापासून सोयाबीन आणि गव्हाखाली आहे. त्यांतील एक एकर टोमॅटोला द्यावा का, वाण कोणता घ्यावा आणि लागवड केव्हा करावी, असे ते विचारतात. महूजवळच्या एका भगिनींनी मागच्या वर्षी चारशे रोपे लावली, रोज न चुकता पाणी दिले, तरी महिन्याभराने झाडे खालून पिवळी पडून माना टाकू लागली. त्याचे कारण त्यांना हवे आहे. देपालपूरकडच्या एका तरुणाच्या झाडांची पाने डिसेंबरात एकाएकी अरुंद होऊन पिळवटली. ‘व्हायरस आला’ असे सांगून त्याला दोन औषधे देण्यात आली, त्यांचा काहीही उपयोग झाला नाही आणि अर्धी झाडे त्याने उपटून टाकली. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे उत्तर एकत्रच देत आहे.

महूच्या पत्रापासून आरंभ करतो, कारण नवीन शेतकऱ्याचा टोमॅटो आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा याच कारणाने जातो. माळव्याची काळी जमीन ओल धरून ठेवते. या गुणावर हरभरा आणि गहू दोन पाण्यांतही निघतो, पण टोमॅटोला तोच गुण जड जातो. या मातीचे कण अतिशय बारीक असतात; त्यांच्यामधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर पडते, आणि हवा न मिळालेले मूळ पाण्यात उभे असूनही पाणी उचलू शकत नाही. मग भर दुपारी झाड मान टाकते, पाहणाऱ्याला ते तहानलेले वाटते, तो आणखी पाणी सोडतो आणि उरलेली मुळेही गुदमरतात. भगिनींनी लिहिलेले ‘रोज न चुकता’ हे शब्द वाचताच मला कारणाचा अंदाज आला. त्यांच्या कष्टांत काही उणे नव्हते, पाणी मात्र जास्त झाले.

यंदा असे झाड दिसले, तर ते उपटून न टाकता खुरप्याने मातीसकट काढावे, मुळे बादलीत धुवावीत आणि नीट पाहावीत. मुळे तपकिरी झालेली असतील, त्यांना कुजका वास येत असेल आणि बोटाने ओढताच वरची साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा राहत असेल, तर दोष पाण्याचा आहे. मुळे बरी दिसत असतील, तर खोड बुडाजवळ उभे चिरावे. सालीच्या आत तपकिरी रेषा वर चढलेली दिसली तर तो बुरशीजन्य मर रोग होय. तशीच एक चाचणी जिवाणूजन्य मर रोगाची आहे : खोडाचा ताजा कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात उभा धरावा आणि काही मिनिटांत त्यातून दुधासारखे धागे खाली उतरतात का, ते पाहावे. तिन्ही दुखण्यांत झाड सारखेच मरगळते. उपाय मात्र वेगवेगळे आहेत, म्हणून औषध आणण्याआधी ही दहा मिनिटे अवश्य द्यावीत.

पाणी द्यावे की नाही, हे वरच्या कोरड्या पापुद्र्यावरून ठरवू नये. झाडापासून वीतभर अंतरावर तेवढेच खोल खणून मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. गोळा होऊन तळवा ओला झाला तर पाणी देऊ नये. गोळा होऊन टिचकीने फुटला तर वाफसा योग्य आहे. गोळाच झाला नाही तर पाणी द्यावे. ठिबक असल्यास लागवडीनंतर झाडामागे रोज अर्धा लिटर आणि हिवाळ्यात फळे पोसताना दीड ते दोन लिटर पाणी साधारणपणे पुरते. हे आकडे अंदाजासाठी आहेत, शेवटचा निर्णय मुठीतल्या मातीने करावा.

काळ्या जमिनीत सपाट वाफ्यावर किंवा सरीत टोमॅटो लावू नये, असे मी आग्रहाने सांगतो. फूटभर उंच आणि अडीच ते तीन फूट रुंद माथ्याचे गादीवाफे करावेत आणि तेही मे महिन्यातच, कारण सप्टेंबरात जमीन इतकी ओली व चिकट असते की त्या वेळी औत घातल्यास ढेकळे निघतात आणि ती पुढे महिनाभर फुटत नाहीत. पावसाचे पाणी शेताच्या उताराच्या टोकाला बाहेर पडेल, अशी चारी काढावी. वाफ्यांचा माथा गव्हाच्या काडाने झाकला तर पावसाने माती वाहत नाही. आपल्याकडे दरवर्षी नरवाई (कापणीनंतर उरलेले गव्हाचे काड) जाळली जाते, त्यातलीच थोडी या कामासाठी राखून ठेवावी.

पाण्याशी जोडलेला आणखी एक दोष येथेच सांगतो. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडला की पुष्कळ जण त्याला रोग समजून बुरशीनाशक फवारतात. तो रोग नसून फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याची खूण आहे. आपल्या जमिनीत कॅल्शियम सहसा कमी नसते. ते पाण्याबरोबरच वर चढते, आणि आठ दिवस कोरड व मग एकदम भरपूर पाणी असा प्रकार झाला की त्याची वाट तुटते. फळे तडकण्याचे कारणही बहुधा हेच असते.

आता सांवेरच्या प्रश्नाकडे येतो. पहिल्या वर्षी एक एकर लावू नये. दहा आर, म्हणजे एक हजार चौरस मीटर, पुरे. सोयाबीनला हंगामात मोजक्या वेळा शेतात जावे लागते, तर टोमॅटोला रोज जावे लागते : बगलफुटी (पानांच्या बगलेत फुटणारे कोंब) काढणे, सुतळीने बांधणे, अळी पाहणे आणि तोडे सुरू झाल्यावर दर तीन-चार दिवसांनी फळे काढणे. दोन ओळींत चार फूट आणि दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवल्यास दहा आरात सुमारे अठराशे झाडे बसतात आणि घरातली दोन माणसे तेवढी झाडे नीट सांभाळू शकतात. अनुभवी शेतकरी एवढ्या जागेत संकरित वाणाचे पाच टन आणि क्वचित त्याहून अधिक उत्पन्न घेतात. आपण पहिल्या वर्षीचा हिशेब तीन टनांवरच मांडावा.

त्या तुकड्यावर यंदाच्या खरिपात सोयाबीन घेऊ नये, कारण त्यावर फवारली जाणारी इमॅझेथापायरसारखी तणनाशके जमिनीत रेंगाळतात आणि मागून येणाऱ्या टोमॅटोला बाधतात. मागच्या हंगामात जेथे बटाटा, मिरची किंवा वांगी होती, ती जागाही टाळावी; ही सारी टोमॅटोचीच भावंडे असून त्यांचे रोग मातीतून पुढच्या पिकाकडे येतात.

लागवडीची वेळ फुलांच्या दृष्टीने ठरवावी. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असताना टोमॅटोला फळधारणा उत्तम होते. दिवस ३५ अंशांच्या पुढे गेला किंवा रात्र १० अंशांच्या खाली उतरली की फुले गळतात, आणि इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत तशा रात्री पुष्कळ असतात, काही वर्षी पालाही (दव गोठवणारी कडाक्याची थंडी) पडतो. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस बी टाकावे, २५ ते ३० दिवसांची रोपे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लावावीत, म्हणजे पहिले घोस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सौम्य रात्रींत धरतात आणि डिसेंबरच्या आरंभी तोडा सुरू होतो. पाल्याची शक्यता असलेल्या संध्याकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन रात्री उशिरापर्यंत ऊब धरते.

वाण एकच घ्यावा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू (पाने लहान करून वर वळवणारा), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक आहे, म्हणून नवीन माणसाला मी तोच आधी सुचवतो. प्रतिकारक म्हणजे रोगमुक्त असा अर्थ घेऊ नये. किडीचा जोर फार झाला की तोही वाण थोडाफार बळी पडतो. अठराशे रोपांसाठी दहा ग्रॅमचे एक पाकीट पुरते. रोपे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या ट्रेमध्ये वाढवावीत आणि ट्रेवर ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी चारी बाजूंनी बंद करावी, कारण पर्णगुच्छ पसरवणारी पांढरी माशी रोप लहान असतानाच चावली तर पुढचे सारे श्रम वाया जातात.

खताची सुरुवात जूनमध्येच होते. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत, म्हणजे आजचे कृषी महाविद्यालय जेथे आहे तेथे, कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आपल्या गावाचे नाव लागलेली ही पद्धत आपल्याच शेतांत कमी दिसते, याची मला खंत वाटते. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि थोडी राख यांचे थर देऊन पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवरच ढीग रचावा, तीन वेळा उलथावा. जूनचा ढीग सप्टेंबरात तयार होतो. दहा आरांना दोन ते अडीच टन खत लागते. रासायनिक खतांची संकरित वाणासाठीची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि १५० किलो पालाश अशी आहे. दहा आरांसाठी तिचा अर्थ युरियाची सुमारे दीड गोणी, सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन गोण्या आणि म्युरेट ऑफ पोटॅशचे २५ किलो असा होतो. काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसा असतो, त्यामुळे माती तपासल्यावर हा खर्च कमी होऊ शकतो. युरिया एकदम न देता चार-पाच हप्त्यांत द्यावा.

किडींपैकी फळ पोखरणारी अळी आपल्याला परकी नाही. हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. टोमॅटोच्या दर सोळा ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावावी आणि झेंडूचे रोप टोमॅटोपेक्षा पंधरा दिवस मोठे असावे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलतात आणि पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. करप्याचे गोल वलयांचे डाग खालच्या पानांवर दिसू लागताच ती पाने काढून मँकोझेब दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. कोणतेही औषध घेताना लेबलवर टोमॅटोचे नाव आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये, या दोन गोष्टी वाचाव्यात.

देपालपूरच्या तरुणाने पाठवलेली छायाचित्रे मी बारकाईने पाहिली. नवी पाने बोटभर रुंदीऐवजी सुतळीएवढी अरुंद झाली आहेत, शिरा जाड व जवळजवळ समांतर आहेत आणि देठ खाली पिळवटले आहेत. पर्णगुच्छ विषाणूत पाने लहान होऊन वरच्या बाजूला वळतात, कडा पिवळसर होतात आणि रोगट झाडे शेतात इथे एक, तिथे दोन अशी विखुरलेली दिसतात. येथे मात्र गव्हाच्या बांधालगतच्या ओळी सर्वांत जास्त बिघडल्या आहेत आणि आत जावे तसतसे झाड सुधारत गेले आहे. हा विषाणू नसावा. शेजारच्या गव्हात चाकवताचे तण मारण्यासाठी फवारलेल्या टू-फोर-डी या तणनाशकाचा हा परिणाम दिसतो. त्याच्या वाऱ्याने आलेल्या तुषारांनीही टोमॅटो बिघडतो, आणि ज्या पंपातून ते एकदा फवारले, त्या पंपाने पुढे टोमॅटोवर कीटकनाशक मारले तरी तोच प्रकार होतो. अर्धी झाडे उपटण्याची गरज नव्हती. सौम्य मार बसलेली झाडे बगलेतून पुन्हा फुटतात. पुढच्या वर्षी टोमॅटोसाठी पंप वेगळा ठेवावा, गव्हाकडच्या बाजूने मक्याच्या दोन ओळी लागवडीच्या महिनाभर आधी पेराव्यात (पांढरी माशीही त्याने अडते) आणि डिसेंबरच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून, वारा आपल्या शेताकडे नसताना फवारणी करण्याची विनंती करावी. बांधाचा शेजार जपून ठेवलेला असेल तर ही विनंती कोणी मोडत नाही.

भावाविषयी थोडक्यात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांवर गेला, ते पाहून पुष्कळांनी लागवड केली आणि सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले. डिसेंबर-जानेवारीत झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद पट्ट्याचाही माल निघत असतो, तेव्हा इंदूरच्या चोइथराम मंडीतल्या लिलावावरच सारा भरवसा ठेवू नये. दहा आरांचा माल थोडा असतो. त्यातला निम्मा आपल्या ओळखीच्या वसाहतींत, खानावळींत थेट देता येतो. मंडीसाठी फळ गुलाबी छटा येताच तोडावे, घरोघरी देण्यासाठी लाल होऊ द्यावे, आणि तडकलेले फळ चांगल्या कॅरेटमध्ये कधीही घालू नये.

माती तपासणीसाठी तुकड्यातल्या आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढावी, सावलीत वाळवून एकत्र करावी आणि अर्धा किलो नमुना मे महिन्याच्या आत माती तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. पिकातली तक्रार घेऊन येताना नुसते पान आणू नये, फोटोही अपुरा पडतो. एक आजारी आणि एक निरोगी झाड मुळासकट खणून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावे आणि मागच्या आठ दिवसांत किती वेळा पाणी दिले, ते कागदावर लिहून आणावे.