रस्टची तोंडओळख झाली, आता सरावाला कोणता प्रकल्प घ्यावा?

रस्टलिंग्जचे, म्हणजे रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकवणारे छोटे स्वाध्याय संपलेत आणि आता खऱ्या कोडमध्ये हात घालायचाय, असं तुम्ही म्हणता. ज्या प्रोग्रामने काय करायला हवं हे आधीच पाठ आहे, तोच घ्या. मग नवी फक्त भाषा उरते. थेट रस्टच्या कंपायलरकडे (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाकडे) वळू नका. त्याला जवळपास 30 जीबी डिस्क लागते आणि बिल्ड संपेपर्यंत उत्साह संपतो.

मी यूयूटिल्स कोअरयूटिल्स सुचवेन. कॅट, सॉर्ट, एलएस या लिनक्सच्या रोजच्या कमांडी तिथे रस्टमध्ये नव्याने लिहितात, उबुंटू 25.10 मध्ये त्या वापरातही आल्या. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत, काम करा.

नवख्यांना सोप्या म्हणून निवडलेल्या इश्यूंना (नोंदवलेल्या कामांना) लावतात त्या 'गुड फर्स्ट इश्यू' या लेबलवर आंधळा विश्वास नको. इश्यूखालच्या सगळ्या कॉमेंट वाचा. कोणाचा तरी पुल रिक्वेस्ट (बदल प्रकल्पात घ्या, अशी विनंती) आधीच जोडलेला असतो, लेबल मात्र तसंच लटकत राहतं. दुसऱ्या प्रकल्पाचा विचार असेल, तर बाहेरच्यांचे पुल रिक्वेस्ट गेल्या दोन आठवड्यांत मर्ज झालेत, म्हणजे प्रकल्पात घेतले गेलेत का, तेवढं पाहा.

सगळं बिल्ड करायची गरज नाही, प्रत्येक कमांड हे वेगळं क्रेट (रस्टमधलं स्वतंत्र पॅकेज) आहे. लिनक्सवरची मूळ ग्नू प्रकल्पाची कमांड आणि ही रस्टमधली, दोन्ही त्याच इनपुटवर चालवा. फरक दिसला की आधी फेल होणारी टेस्ट लिहा, मग दुरुस्ती. एक पथ्य मात्र कडक: ग्नूचा सोर्स उघडायचासुद्धा नाही. तो जीपीएल परवान्याखाली आहे, हा प्रकल्प एमआयटी परवान्याखाली. तिथून उचललेला बदल घेतला जात नाही. मॅन्युअल खुशाल वाचा.

नवशिक्यांचं घोडं दोन ठिकाणी हमखास अडतं. फाइलचं नाव स्ट्रिंगमध्ये घेऊन अनरॅप करतात, म्हणजे एरर येणारच नाही असं धरून चालतात. लिनक्सवर नाव यूटीएफ-8 असेलच असं नाही, त्यामुळे पॅनिक होतं, म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळतो. तिथे ओएसस्ट्रिंग हवं, त्यात कसंही नाव मावतं. दुसरं प्रिंटलाइन मॅक्रो: आउटपुट हेडकडे (फक्त पहिल्या काही ओळी दाखवणाऱ्या कमांडकडे) पाइप केलं आणि हेड आधीच बंद झालं, की तोही पॅनिक होतो. राइटलाइन मॅक्रो वापरून एरर रस्टच्या प्रश्नचिन्हाने (?) बोलावणाऱ्या फंक्शनकडे वर पाठवा.

पाठवण्याआधी कार्गो एफएमटी (कोडची मांडणी नीट करणारं) आणि क्लिपी (चुका दाखवणारं) चालवा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच कमांड, आणि जाता जाता आजूबाजूचं कोड 'नीट' करत बसू नका, रिव्ह्यू तिथेच रखडतो.