दिवाळीला मेकाँगच्या काठी

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांची, नवरा ३४ वर्षांचा. लग्नाला सहा वर्षं झाली. दोघंही पुण्यात नोकरीला होतो, सासर सांगलीला. चार वर्षं पैसे साठवले, नोकऱ्या सोडल्या आणि नागपंचमी झाल्यावर पाठीवर एकेक सॅक घेऊन निघालो. व्हिएतनाम, लाओस, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया असं आठ महिने फिरायचं ठरलंय. निघताना मीच म्हणाले होते, यंदा एकही सण नको आणि एकही स्वयंपाकघर नको. घरचा गणपती सांगलीला असतो. थोरली सून म्हणून मोदक, गौरीच्या सोळा भाज्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पानं, सगळं माझ्याकडे असतं.

गणपतीत आम्ही व्हिएतनामच्या उत्तरेला, हा-जियांग भागातल्या डोंगरात मोटारसायकलवर होतो. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लागला, दुसऱ्या कडव्याला आवाज तुटला आणि नंतर लागलाच नाही. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मुलाला ‘जेवलास का’ एवढं विचारतात आणि फोन ठेवतात. ‘सुनेनं नेलं त्याला’ असं नातेवाइकांत बोललं जातंय, हे नणंदेकडून कळलं.

आता आम्ही लाओसमध्ये, लुआंग प्रबांगला आहोत. कोजागिरीच्या सुमारास इथे मोठा सण झाला. बांबूच्या आणि कागदाच्या नावा करतात, त्यांत दिवे लावतात, गावातून मिरवत नेतात आणि मेकाँग नदीत सोडतात. सगळं गाव रस्त्यावर होतं. मी गर्दीत उभी राहून रडले. का, ते मलाही सांगता येईना.

दिवाळीत चार दिवस घरी जाऊन यावंसं वाटतंय, पण दोघांच्या तिकिटांत आमचा महिन्याभराचा खर्च जाईल. नवरा म्हणतो, ‘सणांपासून सुटायचं म्हणून तूच निघालीस ना?’ नरक चतुर्दशीच्या सकाळीच थायलंडच्या सीमेकडे जाणारी बोट पकडायचं त्यानं ठरवलंय. परवा यावरून आम्ही डॉर्ममध्ये, परक्या माणसांसमोर भांडलो. मी जुन्या वळणाची आहे का? परत जाऊ का?

— मेकाँगच्या काठावरून, एक सून

दिवाळी आठवड्यावर आलीय, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुझं आधी घेतलं.

परत जाऊ नकोस, निदान या चार दिवसांसाठी तरी नको. लुआंग प्रबांगहून मुंबईला थेट विमान नाही. बँकॉक किंवा हनोईला बदलून मुंबई, तिथून रात्रभर बसनं सांगली. दोन दिवस जायला, दोन यायला, आणि लाओसमध्ये परत शिरायचं तर नवा व्हिसा. हातात उरेल एखादं अभ्यंगस्नान आणि दमलेलं शरीर. शिवाय मनात अपराधीपणा घेऊन दारात उभी राहिलीस, की सासूबाईंच्या प्रत्येक वाक्यात तुला टोमणाच ऐकू येईल. हा प्रवास संपवून कायमचं परतायचं असेल, तर तो वेगळा विचार आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुझ्या पत्रात मला तसं कुठे दिसलं नाही.

तुझ्या नवऱ्यानं तुझंच वाक्य तुझ्या तोंडावर टाकलं आणि तू गप्प झालीस, कारण ते तू खरंच म्हणाली होतीस. मला वाटतं सगळी गाठ त्या वाक्यात आहे. तू सणाला कंटाळली नव्हतीस. तू कंटाळली होतीस ओट्याला. गौरीच्या दिवशी पहाटे चारला उठून संध्याकाळी सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर गार झालेला भात स्वतःच्या ताटात घेणाऱ्या बाईला ‘यंदा सण नको’ असं वाटलं, तर ती काय चुकली? पण सहा वर्षं ते सगळं केल्यामुळे सण तुझ्या हातात उतरलाय. मोदकाची उकड किती मऊ झाली की थांबायचं, हे तुझ्या बोटांना कळतं. ऐन सणाच्या दिवसांत ती बोटं रिकामी राहिली, आणि त्या रात्री नदीकाठी एक अख्खं गाव आपापल्या नावेत दिवे लावताना तुला दिसलं. सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं, तुझ्या हातात काही नव्हतं. तू त्याचंच रडलीस, असं मला वाटतं. यात जुनं वळण वगैरे काही नाही.

नवऱ्याचं वेगळं आहे. त्याला सण आयताच मिळत आला. बशीत फराळ आला, अंगाला उटणं कुणीतरी लावलं, ओवाळणी टाकायला पाकीट उघडलं, संपलं. म्हणून तो समजतो, की सण मागे राहिला तर काय बिघडलं, पुढच्या वर्षी पुन्हा येईलच. त्यात दुष्टपणा नाही. पण आईचा फोन ठेवल्यावर तो किती वेळ गप्प असतो, ते एकदा नीट बघ. मला खात्रीनं वाटतं, की त्यालाही काहीतरी टोचतंय आणि बोटीचं तिकीट काढून तो त्याच्यापासून पळतोय.

म्हणून भांडण पुन्हा उकरू नकोस. त्याला सरळ सांग, ‘मला सणाच्या कामातून सुटायचं होतं, सणातून नाही. यंदाची दिवाळी तू कर. मी मदत करीन.’ एवढंच. आणि मग खरंच त्याला करू दे. बाजारात तो जाईल, चूल तो मागेल, चुकेलही तोच. त्याच्या हातून भाजणं करपलं, तर धावत जाऊन झारा हातात घेऊ नकोस. हे तुला सगळ्यात अवघड जाईल, मला ठाऊक आहे.

बोटीचं म्हणशील, तर तो वादाचा मुद्दाच नाही. मेकाँगवरून सीमेवरच्या हुआय साय गावाकडे जाणारी ती संथ बोट रोज सुटते. दोन दिवसांचा प्रवास, मध्ये पाकबेंगला मुक्काम. भाऊबीज झाल्यावर निघा. नदी तिथेच आहे.

आता जरा शरीराबद्दल. नागपंचमीपासून आजवर तुम्ही किती बिछाने बदललेत, ते मोज. हनोईहून लुआंग प्रबांगला बसनं आला असाल, तर ते चोवीस तास अजून पाठीत असतील. डॉर्ममध्ये रात्री कुणी सॅकची चेन उघडतंय, कुणी पहाटे निघतंय, दार लावून रडायलाही जागा नाही. तुझं अर्धं रडणं दमणुकीचं आहे. तिकिटांना लागणाऱ्या पैशांतले थोडे काढा आणि आठ-दहा दिवस एखाद्या घरगुती गेस्ट हाऊसमध्ये स्वतःची खोली घ्या. घरमालकिणीला विचारा, एक दिवस चूल वापरू का. सणाचं कारण सांगितलं, की कुठलीही बाई सहसा नाही म्हणत नाही. या खर्चाला उधळपट्टी म्हणू नका. आठ महिन्यांच्या प्रवासात थांबायचे दिवस धरावेच लागतात.

सासूबाईंबद्दल लिहायला मला थोडा वेळ लागला, कारण मी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बाई आहे.

काही वर्षांपूर्वी माझी लेक आणि जावई असेच सॅक घेऊन व्हिएतनामला गेले होते, दिवाळीतच. मी त्या वर्षी शंकरपाळ्यांशिवाय काही केलं नाही. कुणासाठी करायचं? लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिचा फोन आला. ती होई आनमध्ये होती. तिथल्या रस्त्यांवर रेशमी आकाशकंदील टांगलेले असतात. तिनं फोन फिरवून सगळी गल्ली दाखवली, लाल, पिवळे, निळे. मी ‘छान आहे’ म्हटलं आणि फोन ठेवला. तिला वाटलं, आई रागावली. मी रागावले नव्हते. तिच्या त्या झगमगाटात मी कुठे उभी राहू, ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा फोन केला आणि विचारलं, ‘आई, अनारशाचे तांदूळ किती दिवस भिजवायचे गं?’ अनारसे ती करणार नव्हती, मलाही ते कळत होतं. पण मी तीन दिवस भिजवण्यापासून, रोज पाणी बदलण्यापासून, गुळात मळलेल्या पिठाला आंबू देण्यापर्यंत सगळं सांगितलं. अर्धा तास बोललो आम्ही. फोन ठेवल्यावर मी चकलीची भाजणी काढली.

तुझ्या सासूबाईंना गणपतीत नुसती सून नव्हती असं नाही, त्यांना जोडीदारीण नव्हती. त्या सोळा भाज्या या वर्षी त्यांनी एकट्यानं निवडल्या असतील, किंवा कमी केल्या असतील आणि कमी केल्याचं त्यांना लागलं असेल. त्यांची माफी मागू नकोस, तू गुन्हा केलेला नाहीस. पण ‘यंदा गौरीला कसं निभावलंत हो तुम्ही?’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाय का? तू विचार. पहिल्यांदा उत्तर तुटक येईल. येऊ दे.

मात्र ‘सुनेनं नेलं’ हे वाक्य पुसायचं काम तुझं नाही, ते तुझ्या नवऱ्याचं. त्यानं आईला स्वतः सांगायला हवं, की हा बेत आम्हा दोघांचा आहे, पैसे दोघांचे आहेत आणि बोल लावायचा तर मलाही लाव. हे त्यानं दिवाळीच्या आधीच सांगावं, तू समोर नसताना. तू ऐकतेयस म्हणून बोलला, असं आईला वाटता कामा नये. इथे मात्र त्याला सूट देऊ नकोस.

त्या नावांच्या सणाबद्दल तुला एक सांगते. तो वर्षावास संपल्याचा सण. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत बौद्ध भिक्खू एका जागी राहतात. आपल्याकडेही बौद्ध घरांत वर्षावास पाळतात, ते तुला माहीत असेल. म्हणजे सांगलीत गच्चीवर मसाला दूध उकळत होतं आणि तुझ्यासमोर नदीत दिवे सोडले जात होते, ते एकाच चंद्राच्या उजेडात. बोटीनं तुम्ही सीमेवर याल आणि पुढे चियांग माईला पोहोचाल, तोवर कार्तिकी पौर्णिमा जवळ आली असेल, आपली त्रिपुरारी. त्या पौर्णिमेला थायलंडमध्ये केळीच्या खुंटाच्या चकत्यांवर पानं-फुलं, उदबत्ती, मेणबत्ती लावून ती पाण्यात सोडतात, त्याला क्राथोंग म्हणतात. घाटावर द्रोणातला दिवा सोडलेल्या बाईला ते कुणी शिकवावं लागणार नाही. तिथे खनोम तोम नावाचा एक पदार्थ मिळाला तर खाऊन बघ. चिकट तांदळाच्या पिठीत खोबरं आणि ताडाच्या साखरेचं सारण. थायलंडमध्ये गणपतीलाही त्याचा नैवेद्य दाखवतात. तुझ्या हातांना तो ओळखीचा वाटेल.

पण त्याआधी दिवाळी. फार मोठा घाट घालू नका. लुआंग प्रबांगच्या सकाळच्या बाजारात नारळ, शेंगदाणे, तांदळाची पिठी, हळद मिळेल. बेसन मिळेलच याचा भरवसा धरू नका. नारळाची वडी होईल, आणि तेवढी पुरे. उटणं नसेल तर खोबरेल आणि हळद. दिवे खोलीत लावू नका. तिथली जुनी घरं लाकडी आहेत, मंदिरांबरोबर अशा घरांमुळेही ते गाव १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अंगणात, मालकिणीला विचारून, चार पणत्या. पणत्या नसतील तर केळीच्या पानांचे दिवे मिळतात का, ते बघा. मालकिणीच्या मुलांना वडी द्या. आपल्या हातची वस्तू दुसऱ्याच्या दारात गेली, की परकेपणा निम्मा होतो.

पाडव्याला त्याला ओवाळ आणि मग तबक त्याच्या हातात दे, त्याला तुला ओवाळू दे. सांगलीत सगळ्यांसमोर तो लाजला असता, तिथे कुणी बघायला नाही.

भाऊबीजेचं तू काही लिहिलं नाहीस, पण तुला भाऊ असेल तर तोही आठवत असणार. भाऊ जवळ नसला की आपल्याकडे चंद्राला ओवाळतात. बीजेची कोर सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ दिसते, पश्चिमेला, अगदी खाली. लुआंग प्रबांगला सूर्य मेकाँगच्या पलीकडे डोंगराआड जातो, तेव्हा तबक घेऊन नदीकाठी जरा आधीच जाऊन बस. भावाला सांगून ठेव. तुझ्याकडे कोर दिसल्यानंतर सुमारे दोन तासांनी त्याच्याकडे दिसेल.

आणि नरक चतुर्दशीला सांगलीत पहाटेचे पाच वाजतील, तेव्हा तुमच्याकडे साडेसहा झालेले असतील. सासूबाई तेव्हा पाणी तापवत असतील. त्या वेळेला फोन करा, आणि बोलायला सुरुवात त्यानं करावी, ‘आई, उटणं लावून झालं, आता पुढे काय?’ असं विचारून. गजर त्याच्या फोनवर लावायला सांग.