हातातून सुटलेला क्रॉस

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. तेव्हाच फोन करणार होतो, पण त्या वेळी तुला ‘जाऊ दे, होतं असं’ एवढंच ऐकायचं होतं आणि मला ते म्हणायचं नव्हतं. म्हणून आज निवांत लिहितोय.

शनिवारच्या फुटबॉल मॅचमध्ये तू गोलमध्ये होतीस. क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर उचलून मारलेला बॉल, हातात आला, सुटला, समोरच्या मुलीने आत ढकलला, मॅच गेली. ड्रेसिंग रूममध्ये कुणी काही बोललं नाही म्हणतेस. एक वेळ शिव्या परवडतात, ते गप्प बसणं नाही परवडत.

तुला पेत्र चेकची गोष्ट सांगतो. झेक प्रजासत्ताकाचा गोलकीपर. गंमत म्हणजे आडनावाचा अर्थही ‘झेक माणूस’ असाच. लहानपणी तो फॉरवर्ड खेळायचा. दहा वर्षांचा असताना पाय मोडला आणि मग गोलमध्ये उभा राहिला. तुमच्या पिढीला तो डोक्यावरच्या काळ्या हेल्मेटमुळे माहीत असतो. हेल्मेटकडे येतोच. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आधी जिनिव्हा येतं.

15 जून 2008, युरो स्पर्धा, झेक विरुद्ध तुर्की. जिंकेल तो उपांत्यपूर्व फेरीत. दोन्ही संघांचे गुण सारखे, गोलही सारखे, त्यामुळे बरोबरी झाली तर गटातल्या सामन्यातच पेनल्टी शूटआउट होणार, अशी विचित्र वेळ. तास उलटला तेव्हा झेक 2-0 ने पुढे. 75व्या मिनिटाला तुर्कीने एक गोल फेडला. मग तीन मिनिटं उरली असताना उजवीकडून तुर्कीच्या अल्तिनतोपचा क्रॉस आला. सव्वासहा फुटांहून उंच माणसाने सरावात झोपेतही धरावा असा. चेकच्या हातात आला आणि सुटला, तो थेट तुर्कीच्या निहातच्या पुढ्यात. 2-2. दोनच मिनिटांत त्याच निहातने वळवलेला फटका क्रॉसबारच्या खालच्या अंगाला लागून आत गेला. झेक संघ घरी.

आणि हा कोण गोलकीपर? ज्याच्या चेल्सी या इंग्लिश क्लबने 2004-05च्या लीगमध्ये 38 सामन्यांत मिळून फक्त 15 गोल खाल्ले होते, तो.

अशा वेळी लोक ‘विसरून जा’ म्हणतात. मला हा सल्ला कधीच पटला नाही. स्ट्रायकरने विसरावं, त्याला त्याच मॅचमध्ये आणखी चार संधी मिळतात. आपल्याला पुढचा क्रॉस कदाचित पुढच्या शनिवारी मिळतो. तोवर आठवडाभर तोच बॉल डोक्यात सुटत राहतो. विसरता येत नाही, तर निदान नीट आठवावं. बहुतेक गोलकीपर इथेच फसतात. खाल्लेला प्रत्येक गोल ते स्वतःच्या चुकीच्या खात्यात टाकतात, किंवा मग एकही टाकत नाहीत. दोन्ही प्रकारचे मी डझनाने पाहिलेत. दुसरा प्रकार जास्त वर्षं खेळतो, पण सुधारत नाही.

आता 19 मे 2012 बघ. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, चेल्सी विरुद्ध बायर्न, आणि तीही म्युनिकमध्ये, म्हणजे बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर. 83व्या मिनिटाला बायर्नच्या म्युलरचा गोल, 88व्या मिनिटाला चेल्सीच्या द्रोग्बाची बरोबरी, मग जादा वेळ. त्यात द्रोग्बानेच बायर्नच्या रिबेरीला पाडलं आणि पेनल्टी दिली. मारायला रॉबेन, चेकचा चेल्सीतला जुना सहकारी. चेक डावीकडे गेला आणि बॉल अडवला. पुढे शूटआउटमध्ये ओलिचची अडवली, श्वाइनश्टायगरच्या फटक्याला बोटं लावून तो पोस्टवर घालवला. चेल्सीने कप नेला.

याला नशीब म्हणणारे भेटतील. चेकने फायनलच्या आधी बायर्नच्या 2007 पासूनच्या पेनल्टींची डीव्हीडी बसून पाहिली होती. त्या रात्री त्याने सहा पेनल्टींना तोंड दिलं आणि सहाही वेळा बरोबर बाजूला झेपावला. आता मला सांग, सहापैकी किती अडल्या? तीन. लामची गेली, गोमेझची गेली, समोरच्या गोलकीपरची, नॉयरचीसुद्धा गेली. अभ्यास बरोबर, दिशा बरोबर, झेप बरोबर आणि तरी गोल. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच आणि मारणारा 11 मीटरवर. दर वेळी हात पुरणार कसा?

म्हणजे लामचा गोल ही चूक नव्हती आणि जिनिव्हातला गोल ही चूक होती. स्कोअरबोर्डवर दोन्ही सारखेच दिसतात, तुझ्या वहीत मात्र ते वेगवेगळ्या रकान्यांत जायला हवेत.

तुझा शनिवारचा क्रॉस मी बघितलाय, मी पॅव्हेलियनच्या बाजूला उभा होतो. सगळे म्हणतात हात सुटले. मला आधी पाय दिसले. मारणारीने मान खाली घातली तेव्हा तू गोललाइनला चिकटून होतीस, म्हणून निघायला उशीर झाला, म्हणून उडी सरळ वर न जाता मागे झुकली आणि बॉल चेहऱ्यासमोर न धरता डोक्याच्या मागे धरायला लागला. तिथे कुणाचेही हात सुटतील. ‘कीपर!’ अशी हाकही ऐकू आली नाही. तू एरवी इतकी ओरडतेस की पलीकडच्या मैदानावरचे वळून बघतात.

हे सगळं लिहून ठेवलं होतं. मग तुझा मेसेज पुन्हा वाचला आणि शेवटच्या ओळीवर अडकलो. ‘पहिल्या हाफमध्ये त्या नऊ नंबरचा गुडघा डोक्याला लागला होता, पण काही नाही, खेळले.’

पोरी, पत्रातली मुख्य गोष्ट ही. ती तू शेवटी, जाता जाता लिहिलीस!

14 ऑक्टोबर 2006, रेडिंग या इंग्लिश क्लबचं मैदान, समोर चेकची चेल्सी. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. चेक खाली वाकून बॉल गोळा करत होता आणि धावत आलेल्या खेळाडूचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. कवटीचं हाड आत दबून फ्रॅक्चर झालं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच सामन्यात बदली गोलकीपर कुदिचिनीही धडकेत बेशुद्ध पडला. शेवटी जॉन टेरी हा डिफेंडर ग्लोव्ह्ज घालून गोलमध्ये उभा राहिला. चेक परतला तो 20 जानेवारी 2007ला, लिव्हरपूलविरुद्ध, रग्बीवाले घालतात तसलं हेल्मेट घालून. 2019 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते उतरवलं नाही. जिनिव्हा, म्युनिक, देशासाठीच्या विक्रमी 124 सामन्यांपैकी बरेचसे, चेल्सीने कुर्त्वा या दुसऱ्या गोलकीपरला पुढे केल्यावर बेंचवर काढलेला हंगाम आणि मग तेहतिसाव्या वर्षी आर्सेनल क्लब, असा करिअरचा मोठा भाग त्या शस्त्रक्रियेनंतरचा आहे. फुटबॉल सोडल्यावर गडी आइस हॉकीच्या गोलमध्ये जाऊन उभा राहिला आणि पहिल्याच सामन्यात शूटआउट जिंकून दिलं, ते वेगळंच.

मी तुझ्याएवढा असताना मलाही लागलं होतं. आमच्या तेव्हाच्या कोचने तोंडावर पाणी मारलं, बोटं किती विचारली, मी अंदाजाने तीन सांगितलं. बरोबर निघालं. दुसऱ्या हाफमधलं मला आजही काही आठवत नाही. घरचे सांगतात, त्या संध्याकाळी मी एकच प्रश्न पाच वेळा विचारत होतो. तेव्हा या गोष्टीचा अभिमान वाटायचा, आता ती आठवली की अंगावर काटा येतो. डोक्याला मार बसलेल्या माणसानेच ‘मी ठीक आहे’ म्हणायचं, हा काय न्याय? मार बसलाय तोच अवयव निकाल देतोय. म्हणूनच आता डोक्याला मार लागला तर जादा बदली खेळाडू देण्याची तरतूद फुटबॉलच्या नियमांत आली आहे.

हाक न मारणारी, उशिरा निघणारी गोलकीपर शनिवारी दुसऱ्या हाफमध्ये मला दिसली. तिला मी ओळखत नाही. ती तूच होतीस की गुडघा लागल्यानंतरची तू, हे मला मैदानाबाहेरून सांगता येणार नाही, तुलाही नाही.

तेव्हा उद्या सकाळी आईला घेऊन डॉक्टरकडे जा. गुडघा कुठे लागला, डोकं दुखतंय का, उजेड सहन होतो का, मॅचनंतर उलटी झाली का, सगळं सांग. काही लपवू नकोस, मॅच होती हेही सांग. ते हो म्हणेपर्यंत सराव बंद, हेडिंग बंद, डाइव्हिंग तर नाहीच. कॅप्टनशी मी बोलतो.

गुरुवारी मैदानावर ये, पण ग्लोव्ह्ज घरी ठेव. वही आण. या हंगामात खाल्लेले गोल आठवतील तसे लिहून काढ, मधोमध रेघ मार आणि एकेक गोल डाव्या-उजव्या रकान्यात टाकत जा. शनिवारचा तेवढा तूर्त रेघेवरच राहू दे.

तुझे,
सर