काच कडक, मजबूत की ताठर?

प्रश्न आला होता की काचेच्या पातळ फळीवर वजन ठेवलं तर ती किती लवेल याचा अंदाज काढायचा प्रोजेक्ट मराठीत लिहायचाय, तर स्टिफनेसला, म्हणजे वजनाखाली न लवण्याच्या गुणाला, कडकपणा म्हणू, मजबुती म्हणू की ताठरता? माझं मत ताठरता, आणि काचेच्या बाबतीत तर मी यावर अडून बसेन.

आमच्या नागपुरात इतवारीत काच घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो "टफन घ्या भाऊ, मजबूत राहते", आणि खरंच आहे ते, टफन (उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेली) काच फुटायच्या आधी साध्या काचेच्या चार-पाच पट ताण सोसते, पण वजनाखाली लवते मात्र साध्या काचेएवढीच, कारण यंगचा गुणांक, म्हणजे पदार्थ ताणाखाली आकार बदलायला किती विरोध करतो तो आकडा, दोन्हींचा तोच, साधारण ७० गिगापास्कल. म्हणजे मजबुती वाढली न् ताठरता होती तिथेच राहिली, आता दोन्हीला मजबुतीच म्हटलं तर हे वाक्य लिहाल कसं? कडकपणा तर नकोच, चहा कडक, इस्त्री कडक, आमचं मे महिन्यातलं ऊन कडक, त्यात ओरखडा न पडणं पण येतं, ज्याला काठिण्य हा शब्द आहेच.

घरी मी एकदा बघितलं होतं. ५ मिमी जाडीची, ३०० मिमी रुंद फळी, दोन टेकूंमध्ये ९०० मिमी अंतर, मधोमध २ किलो तूरडाळीची पिशवी. खाली दोरा ताणून धरला तर फळी मिलिमीटरभरापेक्षा थोडी जास्त खाली आलेली दिसली, हिशोबाने १.४ मिमी येतं. पिशवी उचलली की परत सरळ. म्हणूनच क्रियापद 'लवणे' घ्या, 'वाकणे' नको, तार वाकते ती तशीच राहते. फळीच्या स्वतःच्या वजनाने जो येतो तो झोल, तो वेगळा मोजा.

जाडी दुप्पट, १० मिमी केली की तीच फळी जेमतेम ०.१७ मिमी लवते, कारण ताठरता जाडीच्या घनाने वाढते, आठपट. भार पेलायची ताकद मात्र वर्गाने, चारपटच! इथे दोन शब्द वेगळे नसतील तर आकडेच चुकतील.

गुणांक काचेचा असतो आणि ताठरता त्या फळीची, हे पण सांभाळा. मी असं लिहिलं असतं: "या ५ मिमी जाडीच्या फळीची मधोमध ताठरता दर मिलिमीटरला साधारण १४ न्यूटन आहे."